आरोपी मांजर, रोगी मांजर

भिलाईच्या सेक्टरांत माणसांबरोबर मांजरं राहायला आली नाहीत. ती मागाहून आली, आसपासच्या गावांतून. पोलाद कारखान्यासाठी ज्या गावांची जमीन गेली तिथं धानाच्या कोठ्या होत्या, कोठ्यांत उंदीर होते आणि उंदरांच्या भरवशावर मांजरं. गावं उठली, कोठ्या मोडल्या, आणि मांजरांनी नव्या क्वार्टरांच्या मागच्या गल्ल्या धरल्या. जुने कामगार मला असंच सांगत. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिली झोतभट्टी सुरू केली, हा इतिहास इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. त्याच वर्षांत या वसाहतीच्या अंगणांत मांजर कसं आलं आणि माणसाने त्याला कसं वागवलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी गुरांचा डॉक्टर. शिक्षण नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, आणि सत्तरचं दशक संपता संपता इथं आलो तो इथलाच झालो. मला जो भाग ठाऊक आहे तेवढाच सांगतो. तो बुरशीचा आहे.

बुरशीच्या बाबतीत मांजराला या गावात आधी आरोपीची जागा मिळाली. रोगी म्हणून त्याच्याकडे बघायला फार वर्षं लागली.

आरोप गजकर्णाचा. इथली हिंदी-छत्तीसगढी बोलणारी माणसं दाद म्हणत, आमच्या भंडारा-गोंदिया-वर्ध्याकडून आलेल्या मराठी घरांत गजकर्ण किंवा नायटा. पोराच्या गालावर गोल चट्टा उठला की घरातली मोठी बाई विचारी, मांजराला कोण घेऊन बसलं होतं? मग रविवारी सायकलच्या कॅरियरला पोतं बांधलं जाई आणि मांजर शिवनाथ नदीच्या पलीकडे सोडलं जाई. ही रीत इतकी नेहमीची होती की त्यात कुणाला क्रूरपणा दिसत नसे. घर स्वच्छ केल्याचं समाधानच असे.

आरोपात थोडं तथ्य होतं. मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी मांजराच्या केसांवर राहते, अनेकदा मांजराला काही न होता, आणि तिथून पोराच्या कातडीवर येते. फ्रान्समध्ये बोदँ यांनी १९०२ साली तिचं वर्णन केलं. पण प्लांटमधून आलेल्या माणसाच्या जांघेतलं, कमरेवरचं गजकर्ण निराळं. झोतभट्टीपुढची धग, जाड कपडा, आठ तास अंगात मुरलेला घाम, आणि घरात सगळ्यांचा एकच टॉवेल. ती ट्रायकोफायटन जातीची बुरशी, बहुधा माणसाकडून माणसाकडे जाणारी. तिच्याशी मांजराचा संबंध नाही. तरी पोत्यात मांजरच जाई.

औषध म्हणून इथल्या बायका चरोट्याचा पाला वाटून लावत. आपण ज्याला टाकळा म्हणतो तोच. पावसाळ्यात त्याची भाजी होते आणि बी बाजारात विकलं जातं. आयुर्वेदात तो चक्रमर्द, दद्रूवरचा. दवाखान्यातून जांभळं जेन्शियन व्हायोलेट मिळे, नाहीतर व्हिटफील्डचं मलम. त्यात बेन्झॉइक आणि सॅलिसिलिक आम्ल. माणसाला ते उपयोगी पडे. मांजराला लावलं तर मांजर ते चाटून काढणार, आणि मांजराचं यकृत सॅलिसिलेट किंवा फिनॉल मोडायला फार कमजोर. गजकर्ण राहतं बाजूला आणि मांजर लाळ गाळत पडतं. फिनाइलने पुसलेली मांजरंही मी पाहिली आहेत. त्यांना बुरशीने मारलं नाही, उपायाने मारलं.

आमचा पेशाही मांजराकडे बघत नव्हता, हे मान्य करायला हवं. हिंदुस्थानातलं पशुवैद्यक उभं राहिलं ते सरकारी घोड्यांसाठी आणि बुळकांडीने मरणाऱ्या गुरांसाठी. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ साली पुण्यात निघाली आणि पुढं कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आज बरेलीची पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून आपण जिला ओळखतो तिची सुरुवात ती. या सगळ्यात मांजर कुठं नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात कुत्र्याला काही तास मिळत, मांजर कुत्र्याच्या शेपटाला बांधून शिकवलं जाई. बुरशी तर त्याहून मागच्या बाकावर. खरं म्हणजे सूक्ष्मजीवामुळे प्राणी आजारी पडतो हे पहिल्यांदा दाखवलं गेलं ते बुरशीवरूनच. इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली रेशमाच्या किड्यांचा रोग बुरशीचा असल्याचं सिद्ध केलं. पाश्चर आणि कॉख त्यानंतरचे.

मांजर रोगी म्हणून माझ्या टेबलावर आलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. कोक ओव्हनमध्ये काम करणाऱ्या एका कामगाराच्या घरचा पिवळा बोका होता. शेजारीण टोपलीत घालून घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर साहब, बिलई के नाक फूल गे हे." नाकाचा दांडा खरोखर फुगलेला, एका नाकपुडीतून चिकट स्राव, मधोमध न भरणारी जखम. आधी कुठंतरी पेनिसिलिनची सुई झाली होती, काही फरक पडला नव्हता. बोक्याचं मारामारीतलं गळू असेल असं घरच्यांना वाटे.

गाठीतून सुईने थोडा स्राव काढला आणि स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या ड्रॉइंगच्या काळ्या शाईत मिसळून काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काळ्या आभाळात चांदण्या दिसाव्यात तसे गोल पांढरे ठिपके, प्रत्येकाभोवती जाड रिकामं कडं. शाई त्या कड्यात शिरत नाही, कारण तिथं साखरेच्या जातीच्या पदार्थाचं कवच असतं. हीच क्रिप्टोकॉकस. मांजराच्या शरीरात खोल शिरणाऱ्या बुरश्यांत जगभर सगळ्यात जास्त आढळते ती हीच. नाकातून शिरते, तिथून डोळ्यांत, कातडीत, मेंदूत जाते. पुस्तकात पाहिलेलं चित्र समोर आलं त्याचा आनंद मला क्षणभर झाला, आणि लगेच कळलं की देण्यासारखं औषध जवळ नाही.

ही बुरशी जर्मनीत बुसे आणि बुश्के यांनी १८९४ साली माणसात ओळखली होती. मांजरातल्या आजारावर अमेरिकेत जीन होल्झवर्थ यांनी १९५२ साली लेख लिहिला. या बाई आधी लॅटिन शिकवत होत्या, मग पशुवैद्य झाल्या, आणि बोस्टनच्या एंजेल मेमोरियल रुग्णालयात त्यांनी जन्मभर मांजरांचे रोग तपासले. मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे, ही गोष्ट आमच्या पेशाला शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव मी वर ठेवतो.

मग बोक्याला हा रोग आला कुठून? उत्तर घराच्या छपरावर होतं. चेस्टर एमन्स या अमेरिकी बुरशीतज्ज्ञाने १९५५ साली ही बुरशी कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेत दाखवली. भिलाईचा करार त्याच वर्षीचा. इथं कारखान्याच्या उंच शेडांत आणि क्वार्टरांच्या सज्ज्यांत कबुतरं सुखाने नांदली. कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही, त्याचं अंग एकेचाळीस-बेचाळीस अंशांपर्यंत गरम असतं आणि त्या उष्णतेत ही बुरशी टिकत नाही. मांजराचं अंग अडतीस-एकोणचाळीसचं. पुढं १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात एलिस आणि फायफर यांना तिची सख्खी बहीण, क्रिप्टोकॉकस गॅटी, निलगिरीच्या झाडाखाली सापडली. मग आपल्याकडे शोध सुरू झाला. दिल्लीत रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली जांभूळ आणि पिंपळाच्या कुजलेल्या लाकडात क्रिप्टोकॉकस दाखवली. जबलपूरच्या संशोधकांनी २००७ साली तिथल्या जिवंत झाडांच्या ढोल्यांतून दोन्ही बहिणी वेगळ्या काढल्या. जबलपूर म्हणजे आमचाच पट्टा, तीच झाडं, तोच पाऊस. भिलाईच्या रस्त्यांवर जांभूळ, पिंपळ, निलगिरी तिन्ही आहेत. त्या ढोल्यांत मांजर नाक खुपसून हुंगतं, खोडावर नखं घासतं. बुरशी माणसाच्याही श्वासात जाते. फरक इतकाच की मांजराचं नाक जमिनीच्या जवळ असतं. कॅनडात व्हँकूव्हर बेटावर १९९९ पासून गॅटीची साथ आली तेव्हा माणसांबरोबर मांजरं आणि कुत्रीही त्याच हवेने आजारी पडली. मांजराने ती साथ माणसाला दिली नव्हती. दोघांनाही ती झाडामातीने दिली.

छत्तीसगढात नाकातली गाठ म्हटलं की माणसांच्या डॉक्टरांना मात्र दुसराच रोग आठवतो, तोही सांगून टाकतो. ऱ्हायनोस्पोरिडिओसिस. नाकात लाल, खरखरीत, पटकन रक्त येणारा मांसाचा कोंब, आणि रोगी बहुधा तळ्यात अंघोळ करणारा. रायपूरच्या विकृतिशास्त्रज्ञांनी २००७ साली ४६२ रुग्णांचा अहवाल छापला, त्यावरून इथल्या तळ्यांशी त्याचं नातं किती जुनं ते कळतं. मांजरात तो क्वचितच दिसतो. ब्वेनोस आयरीसच्या सीबर यांनी १९०० साली त्याचं वर्णन केलं, ॲशवर्थ यांनी १९२३ मध्ये त्याला बुरशींत बसवलं, आणि १९९९ साली जनुकं तपासल्यावर तो बुरशी नसल्याचं निघालं. त्यावर आजही औषधापेक्षा सुरीच चालते. म्हणून नाकात गाठ दिसली की काच बघितल्याशिवाय नाव ठेवू नये, असं मी माझ्या हाताखालच्या पोरांना बजावत आलो.

आता औषधाकडे येतो, आणि त्यासाठी पिंपरीला जावं लागतं. माझे मामा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या कॉलनीत राहायला जाई, त्यामुळे भिलाईत आलो तेव्हा सेक्टरं, क्वार्टरं, भोंगा, हे सगळं मला ओळखीचं वाटलं. हा कारखाना १९५४ चा, म्हणजे भिलाईच्या कराराच्या वर्षभर आधीचा. जागतिक आरोग्य संघटनेने तंत्र दिलं, युनिसेफने यंत्रं दिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. मला अभिमान वाटतो तो पुढच्या गोष्टीचा.

तिथं मंडयम जीरसन्निधी तिरुमलाचार नावाचे बुरशीतज्ज्ञ होते, मूळ कर्नाटकातले. त्यांचा आधीचा अभ्यास पिकांवरच्या तांबेऱ्याचा, म्हणजे गहू-ज्वारीसारख्या झाडांना छळणाऱ्या बुरशीचा. बुरशीला मारणारं औषध ते मातीतल्या जंतूंत शोधत होते. १९६१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन जाहीर केलं. ज्या जंतूपासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये नायस्टॅटिन शोधलं होतं, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून स्क्विब कंपनीला पन्नाशीच्या मध्यात ॲम्फोटेरिसिन-बी मिळालं होतं. हॅमायसिन त्याच घराण्यातलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, ही औषधं त्याला चिकटतात, आवरण गळकं होतं आणि पेशी मरते. पोटात दिल्यावर हॅमायसिन नीट शोषलं जात नाही, त्यामुळे ते तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर, कानातल्या बुरशीवर, योनीच्या कँडिडावर राहिलं. पण स्वतंत्र होऊन पंधरा वर्षंही न झालेल्या देशात, पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात, जगाच्या तोडीचं बुरशीनाशक शोधलं गेलं. त्याच ठिकाणी ऑरिओफंगिन हे झाडांच्या रोगांवरचं औषधही निघालं. मामा पाठवत त्या हॅमायसिनच्या बाटल्या मी कुत्र्या-मांजरांच्या कानांसाठी वापरत असे आणि त्यांनी गुण येई. पुढं तो कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. पिंपरी म्हटलं की लोकांना आज मोटारी आठवतात. या देशातली बुरशीनाशकांची एवढी मोठी परंपरा आपण वाळवून टाकली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोक्याच्या नाकाला मात्र कानात घालायचं औषध पुरणार नव्हतं. ॲम्फोटेरिसिन शिरेतून द्यायचं, मूत्रपिंडाला धक्का देणारं, किंमत कामगाराच्या पगाराला न झेपणारी. पावसाळा सरता सरता बोका आंधळा झाला आणि गेला. त्या घराने त्याला पोत्यात घातलं नाही. त्याच्यासाठी अंगणात शेवटपर्यंत खाट टाकलेली होती.

नव्वदच्या दशकात फ्लुकोनॅझोल आलं. इंग्लंडमध्ये फायझरच्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत ते तयार झालं होतं. ऑस्ट्रेलियात रिचर्ड मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये क्रिप्टोकॉकस झालेल्या २९ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तोंडाने फ्लुकोनॅझोल देऊन बहुतेक मांजरं सुधारलेली होती. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे भारतीय कंपन्या स्वतःच्या पद्धतीने औषध बनवू शकत, म्हणून ते इथं लवकर आणि स्वस्तात मिळू लागलं. माणसाच्या १५० मिलीग्रॅमच्या गोळीचे तीन भाग करून मी पुड्या बांधून देई. सेक्टरमधल्या एका शिक्षिकेच्या मांजरीला त्या पुड्या माशाच्या तुकड्यात लपवून कित्येक महिने दिल्या गेल्या. नाक बसलं, जखम भरली, ती मांजरी पुढं म्हातारी होऊन मेली. अशा आजारात औषधापेक्षा अवघड असतं ते घरच्यांचं चिकाटीने औषध देणं. सूज उतरली की लोक थांबतात, आणि बुरशी परत येते.

मांजराचं औषध दर वेळी असं माणसाच्या कपाटातून आलं, आणि त्याची किंमत कधी मांजराने मोजली. ग्रिसिओफुल्विनचं उदाहरण सांगतो. १९३९ साली लंडनमध्ये ते वेगळं काढलं होतं, १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगांना पोटातून देऊन गजकर्ण बरं केलं, आणि काही वर्षांत ते सगळीकडे पोचलं. मांजरांनाही दिलं जाऊ लागलं. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गाभण मांजरीला ते दिलं तर पिल्लं टाळू फाटलेली, व्यंग असलेली जन्मतात. आमच्याकडे ही गोष्ट औषधविक्रेत्यांपर्यंत फार उशिरा पोचली.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत भिलाईचं मांजर बदललं. धानाच्या कोठीमागून आलेलं करड्या पट्ट्यांचं मांजर गल्लीत राहिलं, आणि घरात लांब केसांचं पर्शियन आलं. कोठीशी त्याचा संबंध नाही, ते सोफ्यावर झोपतं. त्याच्याबरोबर जुन्या गजकर्णाचं एक भारी रूप आलं. तीच मायक्रोस्पोरम कॅनिस, पण पर्शियन मांजरात कधी कधी ती केसांवर न थांबता कातडीखाली जाते, गाठी होतात, फुटतात, त्यातून पिवळसर कण पडतात. कापलं तरी परत येतात, आणि इट्राकोनॅझोल महिनोन् महिने द्यावं लागतं. दाट केसांच्या मांजराला आमच्या दमट पावसाळ्यात कोरडं ठेवणं सोपं नाही. हौसेने मांजर आणणाऱ्यांना विकणारा माणूस हे सांगत नाही. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, २०१२ मध्ये तिथं कामधेनू विश्वविद्यालय झालं. तिथून शिकलेल्या पोरांना मांजर हा स्वतंत्र प्राणी वाटतो, ही मला दिसलेली मोठी सुधारणा.

२०२१ च्या मे महिन्यात मात्र जुना आरोप परत आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी पसरली, भिलाईतही त्या रोगाने माणसं गेली. माझा फोन सारखा वाजत होता: डॉक्टर, मांजरामुळे होते का? ठेवू की सोडून येऊ? ही म्यूकरची बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात, हवेत असते. साखर वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या नाकात ती मूळ धरते. मांजराचा त्यात काही हात नव्हता. त्या दिवसांत ओरिनोकोकाठचं ते जुनं ॲम्फोटेरिसिन देशभर मिळेनासं झालं. महिनाअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने त्याचं उत्पादन सुरू केलं तेव्हा, विदर्भाच्या मातीतला माणूस म्हणून, मला पिंपरीची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मांजर सोडून देण्याने काय होतं हे ब्राझीलने जगाला दाखवलं आहे. रिओ दि जानेरोत १९९८ पासून स्पोरोथ्रिक्स बुरशीची साथ चालू आहे. मांजराच्या नाका-पंजांवर न भरणाऱ्या जखमा होतात आणि ओरखड्यातून, चाव्यातून ती माणसाला होते. तिथं आरोप खरा आहे. पण घाबरलेल्या लोकांनी आजारी मांजरं रस्त्यावर सोडली, ती दुसऱ्या मांजरांशी भांडली, आणि रोग वस्ती-वस्तीतून पुढं गेला. ज्या घरांनी मांजर एका खोलीत बंद ठेवून औषध दिलं त्यांच्यापाशी साखळी तुटली. ब्राझीलमधली ती जात आपल्याकडे आल्याचं माझ्या माहितीत नाही. तिची दुसरी भावंडं मात्र हिमाचलात आणि आसामात माणसांना होतातच.

भिलाई-दुर्गच्या वाचकांना माझी विनंती आहे. मांजराच्या नाकावरची सूज किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, एकाच नाकपुडीतून स्राव येत राहिला, नजर गेल्यासारखी वाटली, तर त्या जखमेची काच तपासून घ्या. माणसाचं मलम लावू नका, फिनाइल लावू नका. हातमोजे घाला, मांजर वेगळ्या खोलीत ठेवा, आणि सुरू केलेलं औषध डॉक्टर सांगेपर्यंत थांबवू नका. सज्ज्यातली कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून भिजवा आणि मग नाकातोंडाला फडकं बांधून काढा. आणि मांजर शिवनाथपलीकडे सोडू नका.